काजूच्या हंगामातला बर्फ

जॉयसी लोबोला बर्फात पाठवलं गेलं ते तिच्याकडे स्वेटर होता म्हणून.

२००४ सालची गोष्ट. ती वेंगुर्ल्याच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती आणि छात्रसेनेत होती. मनालीला स्कीइंगचं शिबिर होतं आणि कॉलेजच्या वाट्याला एका मुलीची जागा आली होती. निवडलेल्या मुलीला ऐनवेळी कांजिण्या आल्या. सरांनी वर्गात येऊन विचारलं, "गरम कपडे कोणाकडे आहेत?"

वेंगुर्ल्यात थंडी म्हणजे डिसेंबरात पहाटे उठून पंखा बंद करण्याइतकी. वर्गात एकच हात वर झाला. जॉयसीचा मामा बोटीवर होता आणि त्याने हॅम्बुर्गहून एक जाड लोकरी स्वेटर आणून दिला होता. तो तिने एकदाच, नाताळच्या मिस्साला घातला होता आणि घामाने भिजून अर्ध्यातून बाहेर आली होती.

घर उभादांड्याला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. आई बर्नादेत वडे थापत होती, बाप कायतान नारळ सोलत होता.

"बर्फात काय शिकवतत?" बर्नादेतने विचारलं.

"घसरूक."

"ता शिकाचा लागता?"

कायतानने हातातला नारळ पूर्ण सोलून बाजूला ठेवला. "समुद्रापासून लांब आसा," तो म्हणाला. "बुडाची तरी नाय."

पहिला आठवडा जॉयसी पडली. पुढे पडली, मागे पडली, उभी असताना पडली. पंजाबातली एक मुलगी तिला उठवता उठवता स्वतः पडली आणि दोघी तशाच थोडा वेळ बसून राहिल्या. दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी तिचे गुडघे न सांगता वाकले, स्की वळल्या, आणि खाली पोचेपर्यंत काही झालं नाही. पायाखालून बारीक, कापड फाडल्यासारखा आवाज येत होता. खाली थांबून तिने मागे पाहिलं. उतारावर दोन रेघा होत्या आणि त्या तिच्या होत्या. ती त्या रेघांकडे इतका वेळ बघत राहिली की शिक्षकाला वाटलं तिला काही लागलंय.

घरी आल्यावर आईने विचारलं, "कसा होता?"

"बरां होतां," जॉयसी म्हणाली. याहून जास्त सांगायला तिला शब्द सापडले नाहीत, आणि कोणी मागितलेही नाहीत.

पुढच्या वर्षी तिला वेंगुर्ल्यात गुरुदास शेटच्या काजू कारखान्यात नोकरी लागली. काजूगर निवडण्याच्या विभागावर देखरेख करायची. लांब टेबलांना दोन्ही बाजूंनी बायका बसत आणि सोललेले गर वेगळे करत: अख्खा, पाकळी, तुकडा. अख्ख्यातही मोठा, मध्यम, डाग पडलेला. जॉयसीने फिरत राहायचं आणि चुकीच्या ढिगात गेलेला गर उचलून बरोबर ढिगात टाकायचा. सोबत तिने मुक्त विद्यापीठाची अन्नप्रक्रियेची पदविका सुरू केली. वर्ग रविवारी, कुडाळला. आठवड्याचे सहा दिवस काजू आणि सातव्या दिवशी लोणची, सरबतं, मुरंबे.

या सगळ्यात बर्फ बसवायचा तर अडचण महिन्यांची होती. मनालीच्या वर चांगला बर्फ जानेवारीत साठतो आणि फेब्रुवारीत बसतो. काजूची नवी बी फेब्रुवारीच्या शेवटी बाजारात यायला लागते. पदविकेची प्रात्यक्षिकंही फेब्रुवारीतच. वर्षातले बाकीचे महिने कोणालाच नको होते.

पहिल्या वर्षी तिने चुलतबहिणीचं लग्न सांगून रजा घेतली. परत आल्यावर गुरुदास शेटनी लग्नातली बेबिंका, म्हणजे गोव्याचा थराथरांचा केक, मागितली. ती पणजीहून येणाऱ्या माणसाकडून मागवून द्यावी लागली, आणि ती आवडल्यामुळे शेटनी नवरा काय करतो, घर कुठे, अशी चौकशी सुरू केली. त्या नवऱ्याला नोकरी शोधून देताना जॉयसी थकली. पुढच्या वर्षी तिने खरं सांगायचं ठरवलं.

"घसरूक जातंय," ती म्हणाली. "स्कीइंग."

"ता देवबागाकच आसा," गुरुदास शेट म्हणाले. "बोटीच्या मागसून वढतत."

"ता पाण्यार. ह्या बर्फार."

"बर्फार बोट कशी चलता?"

"बोट नाय. आपण चालत वर जावचा आणि खाली घसराचा."

"वढता कोण?"

"कोण नाय."

गुरुदास शेटनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. रजेसाठी त्यांनी आजवर बरंच ऐकलं होतं, पण असलं काही खोटं सांगायला कोणाला सुचणार नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी रजा दिली.

चालत वर जायचं, हे तिला लुदरचंदने शिकवलं होतं. लुदरचंद सोलंगजवळच्या एका गावचा, सफरचंदाच्या बागेवर आणि हिवाळ्यात लोकांना डोंगरात नेण्यावर जगणारा, चाळिशीचा माणूस. शिबिरात तो मदतनीस होता. भाड्याचे लोकरी डगले घालून फोटो काढणाऱ्या लोकांनी भरलेल्या उतारावर जॉयसी दुसऱ्या वर्षी परत आलेली बघून तो म्हणाला होता, "यहाँ क्या कर रही हो? ऊपर चलो."

वर रस्ता नव्हता, दोरी नव्हती, माणसं नव्हती. स्कीच्या तळाला लवदार पट्टी चिकटवायची. तिची लव एका दिशेने बसवलेली असते, त्यामुळे स्की पुढे सरकते पण मागे घसरत नाही. असं पाऊल पाऊल तीन-चार तास चढायचं, वर पट्ट्या काढून पिशवीत घालायच्या आणि कोणाचीही रेघ नसलेल्या बर्फातून खाली यायचं. उतरायला वीस मिनिटं लागत. हा व्यवहार जॉयसीला पहिल्या दिवसापासून पटला. कोणा परदेशी माणसाने मागे ठेवलेली जुनी स्कीची जोडी लुदरचंदने तिला दिली आणि ती वर्षभर त्याच्या गोठ्याच्या माळ्यावर पडून असे. स्कीला गाईचा वास येई. बर्फात गेल्यावर तो जाई.

गावात ती पायांना सवय राहावी म्हणून संध्याकाळी पाठीवरच्या पिशवीत बापाचे सोललेले नारळ भरून टेकडीवरच्या सड्यावर चढत-उतरत असे. वाटेत लोक नारळाचा भाव विचारत. सुरुवातीला ती नाही म्हणे. नंतर द्यायला लागली. वर पोचेपर्यंत पिशवी रिकामी व्हायची आणि व्यायाम वाया जायचा, म्हणून पुढे तिने पिशवीत दगड भरले.

दर वर्षी ती परत यायची तेव्हा चेहरा काळा आणि डोळ्यांभोवती गॉगलच्या आकाराची पांढरी वर्तुळं. निवडीच्या टेबलावरची सगळ्यात जुनी बाई, विमलाकाकी, पहिल्या वर्षी तिला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "डॉक्टराक दाखव गो. सुरवातीक दाखवला तर बरा होता."

२००८ साली मात्र सगळं एकावर एक आलं. काजूला मोहोर लवकर आला होता, म्हणजे बी लवकर येणार. एक परदेशी गिऱ्हाईक मार्चच्या पहिल्या आठवड्यात कारखाना बघायला येणार होतं. पदविकेचं शेवटचं प्रात्यक्षिक फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी होतं: फळांचा जॅम आणि त्यावर तोंडी परीक्षा. आणि लुदरचंदचा फोन आला की या वर्षी बर्फ खूप आहे, गावाच्या वरच्या मोठ्या डोंगरधारेवर जाता येईल. ती धार जॉयसी चार वर्षं खालून बघत होती. सकाळी गावात अंधार असताना तिच्यावर ऊन असायचं. दर वर्षी लुदरचंद म्हणायचा, पुढल्या वर्षी.

गुरुदास शेट म्हणाले, "जा. पण शनवाराक माका तू हंय व्हयी. सोमवारापासना गिऱ्हाइकाची तयारी."

"शनवारी येतंय. आयतवारी माझीय परीक्षा आसा."

"मगे बरां. दोघांचाय भागता."

ती कुडाळहून गाडीत बसली तेव्हा बॅगेत निम्मे कपडे आणि निम्मी पुस्तकं होती. दिल्लीपर्यंत तिने मुरंबे संपवले. मनालीच्या बसमध्ये आंबवण्याच्या क्रिया. पोचली त्या संध्याकाळी बर्फ पडायला लागला.

तो पडतच राहिला. लुदरचंदच्या घराचा जिना बुडाला, मग अंगणातला ट्रॅक्टर बुडाला. दर सकाळी लुदरचंद दार उघडून बाहेर बघे आणि म्हणे, "आज नहीं." मग तो फावडं घेऊन छपरावर जाई आणि जॉयसी चुलीपाशी बसून पाठांतर करी. जॅम तयार झाला की नाही हे कसं ओळखावं: थंड बशीवर थेंब टाकावा, बोटाने ढकलला असता सुरकुती पडली तर तयार. लुदरचंदच्या बायकोकडे सफरचंदं होती आणि साखर होती. जॉयसीने प्रात्यक्षिक तिथेच करून बघितलं. बशी खिडकीबाहेर धरली की लगेच थंड होत होती. जॅम उत्तम झाला आणि घरातल्यांनी तो दोन दिवसांत संपवला.

नवा बर्फ आला की तो खालच्या जुन्या बर्फाला धरेपर्यंत थांबावं लागतं, नाहीतर माणसासकट खाली येतो, हे तिला आता माहीत होतं. माहीत असूनही तिला रोज सकाळी राग येत होता. तो कोणाचा, हे तिला ठरवता येत नव्हतं.

निघायच्या आदल्या दिवशी आभाळ उघडलं. लुदरचंदने बराच वेळ वर बघितलं. "एक दिन बैठने दो," तो म्हणाला. "परसों सुबह देखेंगे."

परवा सकाळी जॉयसी गाडीत असायला हवी होती.

ती चालत खालच्या टपरीवर गेली. तिथे फोन होता. तिने आधी कारखान्यात लावला. गुरुदास शेट बाहेर गेले होते, तिने निरोप ठेवला. मग शेजारच्या घरी लावून आईला बोलावून घेतलं.

"मांय, मी उशिरा येतंय."

"रस्तो बंद आसा?"

हो म्हणणं सोपं होतं. रस्ता दोन दिवसांपूर्वी बंद होताच. "नाय," जॉयसी म्हणाली. "रस्तो उघडलो. माका एक दिवस वर जावचा आसा."

"परीक्षा?"

"चुकतली."

पलीकडे मागे शेजाऱ्यांचा टीव्ही चालू होता. "जेवलंस?" शेवटी बर्नादेतने विचारलं.

"जेवलंय."

"मगे ठेव."

दोन दिवसांनी पहाटे ती आणि लुदरचंद निघाले. देवदारांमधून, मग भूर्जांमधून, मग झाडं संपल्यावर उघड्यावर. ऊन आलं. बर्फ इतका पांढरा होता की सावल्या निळ्या दिसत होत्या. धार आता समोर होती. तिच्याआधी एक रुंद, सरळ उतार होता आणि त्याच्यावर एकही रेघ नव्हती.

उताराच्या पायथ्याशी लुदरचंद थांबला, त्याने फावडं काढलं आणि छातीइतका खोल खड्डा खणला. खड्ड्याच्या भिंतीत बर्फाचे थर दिसत होते, बेबिंकेसारखे. त्याने भिंतीतून एक चौकोनी खांब बाजूंनी मोकळा केला, वर फावड्याचं पातं ठेवलं आणि त्यावर हाताने थापट्या मारायला लागला. मनगटाने मारल्या तेव्हा काही झालं नाही. कोपरातून दुसरी थापटी मारली आणि वरचा सगळा थर एकसंध सुटून त्याच्या मांडीवर आला. त्याच्या खाली साखरेसारखा सुटा, दाणेदार थर होता. लुदरचंदने तो मुठीत घेतला आणि बोटांतून गळू दिला.

"नहीं," तो म्हणाला.

जॉयसीने धारेकडे बघितलं. "वो तो यहीं है," ती म्हणाली. "इतना ही बाकी है."

"हाँ."

"इसके लिए मेरी परीक्षा गई."

"किस चीज़ की?"

"जॅमची," ती मराठीतच म्हणाली, पण त्याला कळलं.

लुदरचंदने विचार केला. "पास हो जातीं?"

"हो."

"फिर तो बुरा हुआ," तो म्हणाला आणि स्कीखालच्या पट्ट्या काढायला खाली वाकला.

जॉयसी गॉगलच्या आत रडली. त्यामुळे काचेवर वाफ धरली आणि काही दिसेना, म्हणून निघायला उशीर झाला. लुदरचंद पाठ करून उभा राहिला आणि पिशवीचे बंद पुन्हा पुन्हा घट्ट करत राहिला.

उतरताना त्याने आलेली वाट सोडली आणि तिला डावीकडच्या भूर्जवनात नेलं. तिथे वारा पोचला नव्हता. बर्फ गुडघाभर आणि पिठासारखा हलका होता. पहिल्या वळणालाच तो तिच्या छातीपर्यंत उडाला. दुसऱ्या वळणाला तिला परीक्षा आठवली, तिसऱ्याला नाही. झाडं दोन्ही बाजूंनी येत होती आणि जात होती, आणि कुठून जायचं हे तिला विचार करायच्या आधी कळत होतं. कुठलाच आवाज नव्हता. खाली कुरणात दोघं थांबले तेव्हा तिला दम लागला होता आणि भुवयांवर बर्फ होता. इतकं चांगलं ती आयुष्यात कधी घसरली नव्हती, आणि हे तिला तिथे उभ्या उभ्या स्पष्ट माहीत होतं. तरी धार राहिली होती. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या आणि एकीमुळे दुसरी कमी होत नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती बसची वाट बघत असताना त्याच रुंद उतारावर दोन ठिपके दिसले. ते वर गेले, धारेवर थांबले आणि मोठाली वळणं घेत खाली आले. दोन रशियन पोरं होती. त्यांना काही झालं नाही.

लुदरचंदही बघत होता. "अच्छी लाइन है," तो म्हणाला.

"म्हणजे कल हम भी..."

"कल मुझे नहीं पता था," लुदरचंद म्हणाला. "आज भी नहीं पता." मग बस आली आणि त्याने तिची बॅग टपावर टाकली.

कारखान्यात ती पोचली तेव्हा गिऱ्हाईक ठरल्याच्या आधीच येऊन गेलेलं होतं. गुरुदास शेट रागावले नाहीत, त्यामुळे तिला जास्त वाईट वाटलं. ते म्हणाले, "विमलान सगळा सांबाळल्यान. आता तीच बघतली. तू टेबलार बस." त्यांनी खुर्ची पुढे केली नाही आणि ती बसली नाही. एवढ्यात बोलणं संपलं.

विमलाकाकीला तिच्यापेक्षा अवघड झालं होतं. "माका नको होता," ती म्हणाली. "शेटनी सांगल्यान. मी नाय म्हणतलंय कशी?"

"तुमका जमता, काकी."

"जमता गो. पण उभ्यान पाय दुखतत."

जॉयसी टेबलावर बसली. अख्खा, पाकळी, तुकडा. पहिले काही दिवस बायका तिच्याशी जपून, दुखवट्याला आल्यासारख्या बोलत होत्या. घरी बर्नादेतने विषय काढला नाही. तिने पाद्रींना आणि शेजाऱ्यांना सांगितलं की जॉयसीवर फार भार होता, आता थोडा कमी केलाय. कायतान एकदाच बोलला. रात्री जेवताना त्याने विचारलं, "थंयसर वर काय होता?"

"माका म्हायती नाय. मी पोचूकच नाय."

"मगे परत जावचा लागतला," कायतान म्हणाला आणि त्याने आमटी वाढून घेतली. बर्नादेतने त्याच्याकडे बघितलं, पण तो आमटीकडे बघत होता.

प्रात्यक्षिक आता पुढल्या फेब्रुवारीत. एक वर्ष वाया. पावसाळ्यात कारखान्यात ओल धरते आणि गर मऊ पडतात, तेव्हा सगळ्यात जास्त काम असतं. जॉयसीने त्या पावसात एकही दिवस चुकवला नाही. यात पश्चात्तापाचा भाग किती आणि पुढच्या रजेची तयारी किती, हे तिने स्वतःलाही विचारलं नाही.

नवीन वर्ष लागलं आणि पहिल्याच आठवड्यात विमलाकाकी तिच्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"तुझा घसरूचा कधी?"

जॉयसीने मान वर केली. "मी सांगूक नाय अजून."

"म्हणानच इचारतंय. शेवटाक सांगलंस की माझो घोळ होता. आता सांगलंस तर तुझ्या जागेर कोणाक बसवूचा ता मी बघतंय."

देखरेखीवर असताना जॉयसीला रजेसाठी महिनाभर शब्द जुळवावे लागत. टेबलावर बसल्यावर ती तीन वाक्यांत मिळाली.

२००९ला तिने आधी परीक्षा दिली. कुडाळच्या केंद्रात अननसाचा जॅम केला, बशीवर सुरकुती पाडून दाखवली, तोंडी परीक्षेत साखरेचं प्रमाण सांगितलं आणि परीक्षकांनी आणखी काही विचारायच्या आत घड्याळाकडे बघितलं. गाडी त्याच दिवशी होती. ती स्टेशनवर पोचली तेव्हा तिच्या कोपराला अननस चिकटलेला होता.

त्या वर्षी बर्फ कमी होता, पण नीट बसलेला होता. लुदरचंदने पुन्हा खड्डा खणला. मनगटाने थापट्या मारल्या, कोपरातून मारल्या, शेवटी खांद्यापासून हात उचलून मारल्या. खांब जागचा हलला नाही. लुदरचंदने खड्डा बुजवला, फावडं बांधलं आणि चढायला लागला.

उतार खालून दिसायचा त्याच्या दुप्पट लांब निघाला. शेवटच्या टप्प्यात बर्फ वाऱ्याने काचेसारखा झाला होता. तिथे स्की पाठीला बांधून, बुटांच्या टोकांनी खाचा पाडत जावं लागलं. जॉयसीच्या पोटऱ्यांचे स्नायू थरथरत होते. ती धारेवर पाय ठेवणार तेवढ्यात पलीकडून ढग आला आणि सगळं झाकून गेलं.

वर काहीच दिसत नव्हतं. लुदरचंद पाच पावलांवर होता आणि तोही नीट दिसत नव्हता. दोघं ढग हलायची वाट बघत बसले. जॉयसीने बरोबर आणलेले काजू काढले, तुकडा होता तो. लुदरचंदने मूठभर घेतले.

"उधर लाहौल दिखता है," तो पांढऱ्या भिंतीकडे बोट करून म्हणाला.

"अच्छा."

"और उधर तुम्हारी बस का रास्ता."

थोड्या वेळाने नाकाचे शेंडे बधिर झाले तेव्हा ते उठले. आपल्याला काहीतरी मोठं वाटायला हवं असं जॉयसीला वाटलं, पण तिला फक्त थंडी वाटत होती आणि खालच्या कडक बर्फाची भीती. ती आडवी घसरत, कडा रोवत, एकेक हात खाली सरकली. मग बर्फ मऊ झाला. मग ढगाचा तळ आला आणि ते दोघं त्यातून बाहेर पडले, आणि सगळा उतार एकदम तिच्या पायाखाली पसरला, दरीपर्यंत, गावापर्यंत, ऊन असलेला. तिने स्की सरळ सोडल्या. ती मोठ्याने ओरडली. काय ओरडली ते तिला आठवत नाही. लुदरचंद नंतर म्हणाला की ते हिंदी नव्हतं.

पदविका मिळाली. २०१०च्या सुरुवातीला गुरुदास शेटनी तिला आत बोलावलं. सगळी तयारी त्यांनी केली होती: कोकम आणि आंबा प्रक्रियेसाठी नवीन शेड, त्यावर एक जबाबदार माणूस, शिकलेला. या वेळी त्यांनी खुर्ची पुढे केली.

"तू बघ ता," ते म्हणाले. "विमला काजू बघता, तू फळा बघ. पण फेब्रुवारी ते मे रजा नाय."

जॉयसीने खिडकीबाहेर बघितलं. खळं अजून रिकामं होतं. दोन वर्षांपूर्वी तिने हे ताबडतोब घेतलं असतं आणि मग लपवाछपवी केली असती.

"मगे नको, शेट," ती म्हणाली. "मी टेबलारच बसतंय."

गुरुदास शेटना हे अपेक्षित नव्हतं. त्यांनी चष्मा काढला. "माका एक सांग. थंय वर आसा काय?"

"ढग होतो."

"ढग."

"होय. काय दिसूक नाय."

"म्हणजे तू चढतंस, वर काय नाय, आणि तू परत खाली येतंस."

"होय." तिने थोडा विचार केला. त्यांनी पाच वर्षांत पहिल्यांदा विचारलं होतं, म्हणून तिला नीट सांगावंसं वाटलं. "शेट, हंय दिवसभर मी काय करतंय ता माका म्हायती आसता. ह्यो गर हंय, तो थंय. थंय खाली येताना माका काय म्हायती नसता. फुडचा वळण येता तेवाच कळता. आणि ता जमता. बस. दुसरा काय नाय."

गुरुदास शेटनी चष्म्याची काच धोतराला पुसली, उजेडाकडे धरून बघितली आणि पुन्हा पुसली.

"आंबो एप्रिलात सुरू होता," ते शेवटी म्हणाले. "कोकम मेंत. फेब्रुवारीचे पंधरा दिवस घी. पण मार्चापासना माका तू हंय दिसाक व्हयी, आणि पाय मोडून येवचा नाय. मोडलेल्या पायाचो माका उपयोग नाय."

"बरां," जॉयसी म्हणाली.

ती बाहेर आली. खळ्यावर खारेपाटणचा टेम्पो लागला होता, हंगामातली पहिली, लवकर आलेली बी घेऊन. विमलाकाकी कमरेवर हात ठेवून ड्रायव्हरशी वाद घालत होती. बी ओली होती. जॉयसीने एका पोत्यात कोपरापर्यंत हात घातला, तळाची मूठभर काढली आणि एक बी दाताखाली धरून बघितली.

"अर्धी पोती परत," ती म्हणाली.

ड्रायव्हर म्हणाला की शेट त्याला ओळखतात. जॉयसी म्हणाली की शेट आत आहेत, त्यांना भेटून घे, आणि दुसरं पोतं उघडायला घेतलं.